पुस्तकाचे कल्ले

गेल्या गणपतीत पानावरून उठता उठता भाचा म्हणाला, "मामा, तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतोस ना? मग एक गेम बनव की."

मी पतपेढीत कॉम्प्युटरवर असतो हे खरं, पण थकबाकीदारांच्या याद्या काढायला. ते लपतात, आम्ही शोधतो, एवढाच काय तो त्यातला खेळ. पण तेरा वर्षांचं पोर ठाण्याहून येऊन आपल्याकडे अशा भरवशानं बघत असताना "मला येत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. म्हटलं, "मे महिन्यात येशील तेव्हा तयार असेल."

गेम कसला, तेही तिथंच ठरलं. आमचं गाव देवगड तालुक्यात. घरामागं हापूसची अकरा कलमं आणि त्यांच्यावर आमच्याइतकाच हक्क सांगणारी माकडं. तर गेममध्ये माकडं आंबे पाडणार, खेळणाऱ्यानं ते टोपलीत झेलायचे आणि माकडांना हाकलायचं. आई वाती वळत ऐकत होती. म्हणाली, "इतक्या वरसांत कधी माकड हाकलूक उठलंस नाय, आता कॉम्प्युटरात हाकलतलंस?"

शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "पुस्तकं कोण वाचतं काका आता? व्हिडिओ बघा." आमच्याकडे रेंज येते न्हाणीघराच्या पायरीवर, तीही उजव्या अंगाला झुकून उभं राहिलं तर. तसं उभं राहून मी एक व्हिडिओ लावला. शिकवणाऱ्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, नाकावर चक्र फिरत. त्याच्या दाढा मोजून झाल्या तरी गाडी पुढं सरकेना. शिवाय पावसात वीज गेली की ती कधी येईल हे फक्त वायरमनला माहीत, आणि त्याचा फोन लागत नाही. पुस्तक मेणबत्तीवरही चालतं. म्हणून पुस्तकच घ्यायचं ठरलं. कुठलं, एवढाच प्रश्न उरला आणि तो मला जानेवारीपर्यंत पुरला.

पहिला सल्ला मुंबईच्या चुलतभावाचा. दादा आयटीत आहे आणि गणपतीला आला की घरातल्या सगळ्यांचे फोन दुरुस्त करतो, म्हणजे आधी बिघडवतो. तो म्हणाला, "सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपासून सुरुवात कर. मेमरी कळली पाहिजे. फाउंडेशन पक्कं नसेल तर सगळं फुकट." आता दादाच्या फाउंडेशनबद्दल गावात सगळ्यांना माहीत आहे. वरच्या वाडीत त्यानं घर बांधायला काढलंय. जोतं इतकं पक्कं की त्यावर किल्ला उभा राहील. बारा वर्षं झाली, अजून जोतंच आहे. त्यावर शेजारीपाजारी भात वाळवतात. तरीही मी त्याचं ऐकलं, कारण फोर्टच्या फुटपाथवरून त्यानं माझ्यासाठी पुस्तकही आणून दिलं. जुनं, सातशे पानांचं, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात एक सीडी. विंडोज एक्सपीच्या काळातलं.

मी भक्तिभावानं बसलो. नुसती एक कोरी खिडकी पडद्यावर उघडायला त्यात दोन पानं कोड होता. दोन पानं टाइप करायची, अर्धविराम शोधायचे आणि बक्षीस म्हणून रिकामा चौकोन बघायचा. पुस्तकाच्या आधीच्या मालकानं पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. पहिल्या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक ओळीखाली, पट्टी लावून. तिसाव्या पानापासून पट्टी सुटली होती, रेघा वाकड्या व्हायला लागल्या होत्या. पान 43 वर 'पॉइंटर' या शब्दापाशी एक रेघ सुरू होऊन मध्येच थांबली होती, जणू कुणी दार वाजवलं आणि तो उठला. पुढची साडेसहाशे पानं कोरी करकरीत. मी स्वतः पान 41 वर थांबलो आणि त्या अनोळखी माणसाबद्दल मला आदर वाटला.

त्यानंतर मी रीतसर शोध सुरू केला. तालुक्याच्या वाचनालयात कॉम्प्युटरचं कपाट कुक्कुटपालनाच्या शेजारी निघालं आणि कोंबड्यांची पुस्तकं जास्त ताजी होती. मराठीत मला काही सापडलं नाही. मग रोज दुपारी डबा खाऊन झाल्यावर पतपेढीच्या वायफायवर इंग्रजी पुस्तकांची नमुना पानं चाळायची. त्यांचे प्रकार थोड्याच दिवसांत ओळखीचे झाले. काही पुस्तकं 24 तासांत शिकवतात. काही 'अगदी नवशिक्यांसाठी' असतात आणि तिसऱ्या पानावर म्हणतात, वाचकाला सदिश बीजगणित येतं असं आम्ही धरून चालतो. काहींना गेम नव्हे, गेम चालवणारं इंजिनच बनवायचं असतं. मला भाकरी हवी होती आणि ही मंडळी जातं टाकवायला बसली होती.

एकात गणिताचं भलंमोठं प्रकरण होतं. त्रिमिती गेममध्ये वस्तू फिरवायला क्वाटर्निअन नावाची भानगड लागते. ती हॅमिल्टन नावाच्या आयरिश गणितज्ञाला 1843 साली डब्लिनमध्ये कालव्याकाठी फिरताना सुचली आणि विसरायला नको म्हणून त्यानं सूत्र तिथल्या पुलाच्या दगडावरच कोरून टाकलं. आमच्या खाडीपुलावरही पुष्कळ कोरलेलं आहे, पण त्यात बाण आणि बदाम जास्त. माझं माकड द्विमितीत होतं, ते फिरणार नव्हतं, त्यामुळे मी हॅमिल्टनला नमस्कार करून पुढं गेलो.

खरं सुख दिलं ते शेजारच्या मुलानं कॉलेजातून आणलेल्या एका पुस्तकानं. त्यात सुरुवातीची साठ पानं नुसता इतिहास होता. इतिहास वाचताना काही टाइप करावं लागत नाही आणि अभ्यास केल्याचं समाधान मात्र पुरेपूर. 1972 चा पाँग, 1980 चा पॅकमॅन, 1984 चा टेट्रिस. त्यातली 1978 च्या स्पेस इनव्हेडर्सची गोष्ट तर मी घरात प्रत्येकाला ऐकवली. वरून परग्रहावरच्या प्राण्यांची फौज उतरते, आपण खालून गोळ्या मारायच्या. निशिकादो नावाच्या जपानी माणसानं तो गेम केला. त्या यंत्राला एवढी सगळी फौज पडद्यावर हलवताना दम लागायचा. जसजसे प्राणी मरायचे तसतसं यंत्राचं काम हलकं व्हायचं आणि उरलेले प्राणी भराभरा पळायला लागायचे. म्हणजे हा कमजोर यंत्राचा दोष. पण खेळताना त्यामुळेच छातीत धडधडतं, हे निशिकादोनं ओळखलं आणि दोष तसाच ठेवला. आई म्हणाली, "माकडांचा पण तसाच असता. धा असली की बसतत, दोन उरली की हातात गावनत नाय."

शेवटी मला पुस्तक घ्यायला लावलं तेही तिनंच. माझा चार महिन्यांचा घोळ बघून एका रविवारी म्हणाली, "बांगडो घेताना कल्ले उघडून बघतंस मां? मगे पुस्तकाचे पण बघ आणि काय ता एकदा घेवन टाक."

आता पुस्तकाचे कल्ले म्हणजे काय, ते मी माझ्या बुद्धीनं ठरवलं: मुखपृष्ठ. रंगीत होतं. गोडो नावाच्या इंजिनावरचं पुस्तक. हे इंजिन फुकट, जुन्या कॉम्प्युटरवरही चालणारं, त्याची भाषा पायथॉनसारखी सुटसुटीत. आणि पुस्तकावर सत्तर टक्के सूट! मी लगेच मागवलं. आठव्या दिवशी कुरिअरवाल्याचा फोन आला, "दादा, तिठ्यावर उभा आहे, पाच मिनिटांत या, नाहीतर परत जाईल." पतपेढीत थकबाकीदार समोर बसलेला. त्यालाच स्कूटर काढायला लावली आणि त्याच्या मागं बसून तिठा गाठला. त्या महिन्यात मी त्याला नोटीस काढू शकलो नाही.

पहिल्या धड्यात पुस्तक म्हणालं, आता 'किनेमॅटिकबॉडी टू-डी' घ्या, म्हणजे गेममधलं पात्र चालवायची तयार वस्तू. मी इंजिनात शोधलं. नाही. स्पेलिंग बदलून शोधलं. चष्मा पुसून शोधलं. तीन रात्री शोधलं. आपल्याकडे पाहुण्याला खूण सांगतात, 'मोठ्या वडाकडून डावीकडे वळा', आणि तो वड रस्ता रुंद करताना तोडलेला असतो. पाहुणा चार वेळा वरून खाली फिरतो, पण सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वड अजून उभा असतो, तशातली गत. पुस्तक होतं गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीचं. मार्च 2023 मध्ये चौथी आली आणि तिच्यात त्या वस्तूचं नाव 'कॅरेक्टरबॉडी टू-डी' झालं. नुसतं नाव बदलून भागलं असतं तर गोष्ट वेगळी, तिला चालवायची रीतही बदलली होती. म्हणजे बघायचे ते कल्ले मुखपृष्ठावर नव्हतेच. आतल्या पानावर, जिथं बारीक अक्षरात साल आणि आवृत्ती लिहितात आणि जे पान आपण कायम उलटून पुढं जातो, तिथं होते.

सत्तर टक्के सूट ऐकून आई एवढंच म्हणाली, "सांजच्याक पापलेटा स्वस्त कित्याक होतत, ठावक हा मां तुका?"

मग शेजारच्या मुलानं दया येऊन सांगितलं की त्या इंजिनवाल्यांनी स्वतःच सगळं लिहून ठेवलंय, फुकट, आणि उतरवून घेता येतं. पहिला द्विमिती गेम कसा करायचा याचा धडाही त्यातच. चार महिने मी जे विकत घ्यायला निघालो होतो ते फुकट पडलं होतं, आणि फुकटाकडे आपलं लक्ष जात नाही. कामापुरती साठ पानं पेनड्राइव्हवर घेऊन देवगडला झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं निळं स्पायरल लावलं, वर प्लास्टिक घातलं आणि विचारलं, "मुलगा एमपीएससीला बसतोय वाटतं?" मी हो म्हणालो.

ते स्पायरल मी खरंच वाचलं. फेब्रुवारीत पहिला आंबा झाडावरून सोडला आणि तो वर गेला. शाळेत आम्हाला वर म्हणजे अधिक आणि खाली म्हणजे उणे असं शिकवलेलं. म्हणून गुरुत्वाकर्षणाला मी हौसेनं उणे चिन्ह दिलं होतं. पडद्याचा हिशेब उलटा. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि खाली जावं तसा आकडा वाढतो. माझा हापूस मार्चमधल्या दरासारखा बघता बघता वर गेला आणि दिसेनासा झाला. चिन्ह बदललं, तो टोपलीत पडला. रात्री साडेअकराला मी एकटाच टाळी वाजवली.

एका पानावर लिहिलं होतं, वेगाला 'डेल्टा'नं गुणा. डेल्टा म्हणजे मागच्या चित्रापासून या चित्रापर्यंत गेलेला वेळ. मी न गुणता चालवून बघितलं. माकड छान चाललं. मग कशाला गुणा? भाजीत हिंग नसला म्हणून ती अडते का? डेल्टा वगळला.

त्याच सुमारास आंबे धरले. दादाच्या पुस्तकातली सीडी मी टेबलावर काढून ठेवली होती. ती घालायला घरात एकाही यंत्राला तोंड नव्हतं. आईनं ती उचलली, उन्हात धरून चमकवली. "ही चकती कामाची हा? नायतर कलमार बांधतंय. पाखरां भियाक व्हयी." सुतळी ओवून बांधलीसुद्धा.

मे महिन्यात भाचा आला. हातपाय धुवायच्या आत लॅपटॉप उघडला, नवा, गेमसाठीच घेतलेला. मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर कलम उगवलं, टोपली आली. माकड आलं आणि गेलं. म्हणजे डावीकडून उजवीकडे काहीतरी तपकिरी झपकन सरकलं, आंबे धडाधड पडले आणि 'खेळ संपला' अशी पाटी लागली. माझा पडदा सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, त्याचा 144. मी माकडाला दर चित्रामागं पाच ठिपके चालायला सांगितलं होतं. माझ्याकडे ते सेकंदाला तीनशे ठिपके चालायचं, त्याच्याकडे सातशे वीस.

मला निशिकादो आठवले. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "ते मुद्दाम आहे. त्यानं छातीत धडधडतं."

"मामा," भाचा म्हणाला, "तू डेल्टा विसरलास."

हे त्याला कुठं कळलं विचारलं तर म्हणाला, व्हिडिओत. ठाण्यात रेंज सगळीकडे येते.

तेवढ्यात मागच्या पडवीतून आईची हाक आली. आम्ही पळत गेलो. कलमाच्या मधल्या फांदीवर एक थोराड हुप्प्या बसला होता. सुतळीसकट सीडी दोन्ही हातांत धरून तिच्यात बघत होता, मान कलती करून, अगदी लक्षपूर्वक.

"तो बघ," आई म्हणाली, "तुझी चकती वाचता हा."

त्यानं सीडी उलटली, छापील बाजूवरून एकदा बोट फिरवलं, ती सोडून दिली आणि शेजारचा आंबा तोडला.