ह्वेच्या वाड्यात जेवायला बसण्याआधी चूल कुठंय ते बघा

व्हिएतनामला जाणारी आपली मंडळी आता ह्वेलाही एखादी रात्र काढू लागली आहेत. तिथे नदीकाठच्या एखाद्या दुरुस्त केलेल्या जुन्या घरात 'राजेशाही जेवण' होतं. गाजराचा मोर, त्याच्या पिसाऱ्याला टोचलेले तळलेले रोल, वाढायला दरबारी झग्यातली मुलं. फोटोला झकास. रोल मात्र चामट लागतो, आणि त्यात आचाऱ्याचा दोष फार थोडा. तो पदार्थ त्या घरात करायचाच नव्हता.

१८०२ ते १९४५ ह्वे ही न्गुयेन घराण्याची राजधानी होती. किम लोंग भागात त्या काळच्या वळणाची बागेतली घरं अजून उभी आहेत. अशा घराला 'न्या रुओंग' म्हणतात. वाडा बघितलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही. मधे तीन खण, दोन्ही टोकांना उतरत्या छपराखाली पडवीसारखे भाग. खांब जमिनीत पुरलेले नसतात, दगडी तळखड्यावर नुसते ठेवलेले असतात. सांधे खाचा-खुंट्यांचे, खिळा नाही. लाकूड पुष्कळदा फणसाचं, आपल्या कोकणातल्या घरांसारखंच. त्यामुळे अख्खं घर सुटं करता येतं, तुकड्यांवर आकडे टाकून, खांबाचा कुजलेला बुडखा कापून, नवा जोडून पुन्हा उभं करता येतं.

आता चूल. मधल्या खणात पूर्वजांचं देवघर, म्हणून स्वयंपाक बाजूच्या वेगळ्या खोपटात. धूर, तेल आणि आग लाकडापासून लांब ठेवायची ही सोय आहे, आणि शहाणा मालक घराचं हॉटेल करतानाही ती मोडत नाही. पण मग ताट अंगण ओलांडून येतं. ह्वेचा जोराचा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, म्हणजे वर झाकण आलं. झाकणाखाली वाफ कोंडते आणि कुरकुरीत काही उरत नाही. 'बान्ह ख्वाय' हे ह्वेचं तेलात कडक केलेलं घावन घ्या. पोटात कोळंबी, डुकराचं मांस आणि मुगाचे मोड. मोडांना पाणी सुटतं आणि तीन-चार मिनिटांत तळ मऊ पडतो. ते रस्त्याकडेच्या बुटक्या स्टुलावर, तव्यापासून हातभर अंतरावर खायचं. वाड्याच्या मेन्यूत ते दिसलं तर एवढंच विचारा, तवा अंगणात लावता का? नाही म्हणाले तर सोडा.

वाड्यात मागवायचे ते वाफवलेले पदार्थ. ह्वेच्या स्वयंपाकाची खरी नजाकत तिथेच आहे, मोराबिरात नाही.

उदाहरणार्थ 'बान्ह बेओ'. तांदळाच्या पिठाची, चमच्यात मावेल एवढी चकती, छोट्या चिनीमातीच्या वाटीतच वाफवलेली, वरून सुक्या कोळंबीचा चुरा, पातीच्या कांद्याचं तेल, डुकराच्या चरबीची कुरकुरी. मधोमध उथळ खळगा पडायला हवा, चटणी-पाणी तिथे साठतं. खळगा पडतो तो वाट्या आधी रिकाम्याच वाफेवर चांगल्या तापवल्या तर. कडेचं पीठ झटकन धरतं, मधलं मागून बसतं. थंड वाटीत ओतलं की सपाट गोळा. घरी करायचं तर २०० ग्रॅम तांदळाचं पीठ, २५ ग्रॅम टॅपिओकाचा स्टार्च, ६०० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ. तासभर मुरवा, आणि प्रत्येक वाटी भरताना पळीने तळापासून ढवळा. पीठ खाली बसतं, नाहीतर पहिल्या वाट्या पाणचट आणि शेवटच्या दगड होतात. मोदकपात्र चालतं, पण झाकणाला फडकं बांधा. ठिबकलेल्या थेंबांनी पृष्ठभागाला देवीचे व्रण पडतात. पाच मिनिटं वाफ पुरे. इंद्रायणीच्या भानगडीत पडू नका, चिकट होतं. जुना कोलम बरा. नंतर दहा मिनिटं निवू द्या, गरम असताना वाटीची कड सोडत नाही. म्हणजे अंगण ओलांडायला लागणारा वेळ या पदार्थाच्या फायद्याचाच. 'बान्ह नाम' (तांदळाच्या पिठाचं) आणि 'बान्ह बोत लोक' (टॅपिओकाच्या पिठाचं) तर केळीच्या पानातच गुंडाळून येतात. पातोळ्यांवर वाढलेल्यांना त्यांची ओळख करून द्यायला नको.

चटणी-पाण्याबद्दल थोडं. हॉटेलची परीक्षा मी तिथेच घेतो. नेहमीचं 'नुओक चाम' म्हणजे एक भाग नुओक माम (मिठात मुरवलेल्या माशांचा खारट रस), एक साखर, एक लिंबाचा रस, चार-पाच भाग पाणी. साखर कोमट पाण्यात विरघळवायची, लिंबू गार झाल्यावर, लसूण-मिरची शेवटी. बान्ह बेओसोबतचं पाणी वेगळं असतं. कोळंबीच्या सालांचा रस, जास्त गोडसर, हिरव्या मिरचीचे काप, लिंबू सहसा नाही. सगळ्या पदार्थांना एकच वाटी फिरवणारं हॉटेल कितीही जुन्या खांबांखाली असो, महाग ठरतं. नुओक माम चांगलं की नाही ते बाटलीवरच्या 'एन' अक्षराशेजारच्या आकड्यावरून कळतं. लिटरमागे किती ग्रॅम नायट्रोजन, ते तो सांगतो. टेबलावर ठेवायचं तर ३० ते ४० हवं.

काचा लावून एसी बसवलेल्या वाड्याबद्दल माझं मत वाईट आहे. आत कोरडी गार हवा, बाहेर दमट उष्मा, त्यात लाकूड रोज आकसतं-फुगतं आणि सांधे सैल होतात. कौलांखाली छत बंद केलं की ओल अडकते, मागोमाग वाळवी. आणि गार खोलीत कांद्याच्या तेलावर साय धरते ती वेगळीच. पंखे आणि उघडी दारं असलेलं घर निवडा, दुपारऐवजी संध्याकाळी जा.

शाकाहारी मंडळींनी 'व्हेज' शब्दावर विसंबू नये. भाजीतही नुओक माम असतं. म्हणायचं 'आन चाय', आणि जोडीला 'खोंग नुओक माम', म्हणजे नुओक माम नको. ('चाय' म्हणजे इथे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. चहा मागवला असं कोणी समजणार नाही.) कडक 'चाय'मध्ये कांदा-लसूणही नसतं, पण कंदमुळं आणि अळंबी चालतात, तेव्हा आपल्या जैन मित्रांनी तेवढं वेगळं विचारून घ्यावं. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे पुष्कळ लोक चाय पाळतात. त्यांचा महिना अमावस्येपासून सुरू होतो. तेव्हा कालनिर्णयात अमावस्या-पौर्णिमा बघून टेबल धरा. त्या दिवशी कमळबियांचा भात, फणसाच्या कुयरीचं कालवण, केळफुलाची कोशिंबीर असं बरंच काही बिनमाशाचं मिळतं.