‘सिगारेट ओढायचा ना, मग धुळीचा काय दोष?’

ॲस्बेस्टॉस म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांत, पाइपांच्या आवरणांत वापरलेलं तंतुमय खनिज, ज्याची धूळ श्वासातून आत जाते. त्याची भीती उगाच घातली जाते, असं सांगणारा एक मजकूर या ना त्या रूपात सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: ॲस्बेस्टॉसमुळे फार तर मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा दुर्मिळ कर्करोग, होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो तो सिगारेटमुळे. पांढरा ॲस्बेस्टॉस तर निर्धोकच. एक्स-रे साफ आला की काळजी मिटली. तीस-तीस वर्षं त्या धुळीत काढलेली माणसं ठणठणीत आहेत. आणि एवढ्यावरही भीती वाटलीच, तर तोंडाला रुमाल बांधा.

यातलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर ते पटतं. सिगारेट मारते हे खरंच आहे. मजकुराचा सगळा भारही त्याच मुद्द्यावर आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं १९५० मध्ये संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांच्यासोबत ज्यांनी दाखवून दिलं, ते ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड डॉल. याच डॉल यांनी १९५५ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कापड कारखान्यात वीस किंवा त्याहून जास्त वर्षं काम केलेल्या ११३ पुरुषांचा हिशेब मांडला. सर्वसाधारण पुरुषांच्या प्रमाणात पाहिलं तर त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा जेमतेम एक मृत्यू अपेक्षित होता, नेमकं सांगायचं तर ०.८. झाले ११. आता कुणी म्हणेल, कामगार ओढत असतील. असतीलच, पण ज्यांच्याशी तुलना केली ते बाहेरचे पुरुषही काही निर्व्यसनी नव्हते. त्या काळात इंग्लंडमधले बहुतेक पुरुष ओढत. सिगारेट काय करते हे ज्यांना चांगलंच ठाऊक होतं, त्यांनीच धुळीला वेगळं दोषी धरलं.

मग १९७९ मध्ये हॅमंड, सेलिकॉफ आणि सहकारी या अमेरिकी संशोधकांचे आकडे आले. अमेरिका आणि कॅनडातले १७,८०० इन्शुलेशन कामगार, म्हणजे पाइप-बॉयलरला उष्णता रोखणारं आवरण चढवणारी आणि उतरवणारी माणसं, आणि तुलनेला अशा धुळीत काम न केलेले पुरुष. फुप्फुसाच्या कर्करोगाने दर लाख माणसांमागे वर्षाला होणारे मृत्यू असे: धूळही नाही आणि सिगारेटही नाही त्यांच्यात ११. फक्त धूळ, ५८. फक्त सिगारेट, १२३. दोन्ही, ६०२.

इथे जरा थांबून गणित करा. दोन धोके नुसते एकमेकांत मिळवले असते, म्हणजे मुळच्या ११ वर धुळीचे ४७ आणि सिगारेटचे ११२ चढवले असते, तर आकडा १७० च्या आसपास यायला हवा होता. आला ६०२, म्हणजे धुळीची पाचपट आणि सिगारेटची अकरापट यांच्या गुणाकाराच्या जवळ. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत गुणाकार इतका नेमका जुळला नाही, हे कबूल. पण दोन्ही मिळून होणारं नुकसान नुसत्या बेरजेपेक्षा मोठं, हे बहुतेक ठिकाणी दिसलं. शिवाय ५८ हा आकडा नजरेआड करू नका. ही माणसं कधीच ओढत नव्हती, तरी त्यांचा धोका पाचपट झाला.

त्या ६०२ मृत्यूंत धूळ नसती तर १२३ झाले असते. म्हणजे जवळपास ८० टक्के मृत्यू धुळीवाचून टळले असते. सिगारेट नसती तर ५८ झाले असते, म्हणजे ९० टक्के सिगारेटवाचून टळले असते. ८० आणि ९० मिळून १७० टक्के कसे, असं विचारणाराच ‘धूळ की सिगारेट, एकच काय ते सांगा’ असंही म्हणतो. बहुतेक मृत्यूंना दोन्ही लागले. दोहोंपैकी एक काढलं असतं तरी ते टळले असते. म्हणून ‘ओढायचा ना’ हे धुळीच्या सुटकेचं कारण होत नाही. उलट, ज्या कामगाराच्या हाती सिगारेट आहे त्याला धूळ सर्वांत महाग पडते. त्याने सिगारेट सोडली तर त्याचा धोका कमी होतो, हेही तितकंच खरं. फक्त त्यामुळे मालकाची जबाबदारी कमी होत नाही.

‘फार तर मेसोथेलिओमा’ या म्हणण्याचा उगम समजण्यासारखा आहे. मेसोथेलिओमा दिसला की डॉक्टर ॲस्बेस्टॉसबद्दल विचारतातच. धुळीने झालेला फुप्फुसाचा कर्करोग मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सिगारेटने झालेल्यासारखाच दिसतो, त्यावर शिक्का नसतो. म्हणून तो मोजणीतून निसटतो. ब्रिटनच्या सरकारी अंदाजानुसार तिथे ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारे मेसोथेलिओमाने मरणाऱ्यांच्या जवळपास बरोबरीने आहेत.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचं, म्हणजे क्रिसोटाइलचं, प्रकरण थोडं गुंतागुंतीचं. त्याचे तंतू निळ्या-तपकिरी प्रकारांपेक्षा फुप्फुसातून लवकर निघून जातात आणि मेसोथेलिओमाचा धोका त्याने तुलनेने कमी होतो, हे मान्य. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत तर ही सवलतही डळमळीत आहे. क्यूबेकच्या क्रिसोटाइल खाणींत तितक्याच धुळीमागे धोका बराच कमी निघाला. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या कापड कारखान्यात, तेही मुख्यतः क्रिसोटाइलवरच चालणाऱ्या, तो कितीतरी जास्त निघाला. मजकूर लिहिणाऱ्याने पहिला अभ्यास उचलला, दुसरा सोडला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ च्या अहवालात सहाही प्रकार माणसात कर्करोग घडवणारे म्हणून पुन्हा नोंदवले, पांढऱ्यासकट.

एक्स-रे साफ असणं म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, अर्थात फुप्फुसावर पडणारे व्रण, दिसत नाहीत इतकंच. कर्करोग होण्यापूर्वी ते व्रण असायलाच हवेत, हा जुना आग्रह १९९७ च्या हेलसिंकी निकषांनी, म्हणजे आजार ॲस्बेस्टॉसमुळे झाला का हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांनी आखलेल्या कसोट्यांनी, सोडून दिला. हवेत दर मिलिलिटरला एक तंतू, अशा हवेत पंचवीस वर्षं काम. किंवा पाच तंतू आणि पाच वर्षं. एवढ्या साठ्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट होतो, एक्स-रे काहीही दाखवो.

ठणठणीत म्हाताऱ्यांबद्दल फार लिहायला नको. धोका दहापट झाला तरी बहुसंख्य माणसं या रोगाने मरत नाहीत. सिगारेट ओढूनही नव्वदीला पोचलेले आजोबा असतातच, त्यांचा दाखला मात्र हे मजकूरवाले देत नाहीत! शिवाय धूळ आणि गाठ यांच्यात बहुधा पंधरा ते पस्तीस वर्षं जातात. तोवर काम सुटलेलं असतं, कारखाना बंद पडलेला असतो, आणि जो खोकत घरी बसला त्याचं नाव कुणाच्या आठवणीत नसतं.

राहिला रुमाल. फुप्फुसात खोल जाणारे तंतू तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. रुमालाच्या विणीतून ते सहज जातात. वर तोच रुमाल धूळ घेऊन घरी जातो. १९६५ साली लंडनमध्ये अभ्यासलेल्या मेसोथेलिओमाच्या रुग्णांत अशाही काही जणी होत्या ज्या कारखान्यात कधीच कामाला नव्हत्या, फक्त घरातल्या कामगाराचे कपडे धूत. शाबूत, न छेडलेला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा लगेच हवेत तंतू सोडत नाही, हे खरं. त्याला ड्रिल किंवा ग्राइंडर लागला की सोडतो. तेव्हा काम ओलं करून करायचं, कोरडा झाडू लावायचा नाही, बारीक कण अडवणारा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क वापरायचा, आणि कामाचे कपडे कामावरच ठेवायचे.