लोकर, लिनन आणि पाच हजार हर्ट्झची थाप

गेल्या आठवड्यात माझ्या आईने लिननच्या साडीवर लोकरीची शाल घेणे अचानक बंद केले. संधिवाताने त्रासलेली सत्तरीची बाई पहाटेच्या गारठ्यात तशीच बसून होती, आणि कारण विचारल्यावर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या त्या संदेशाचा मथितार्थ असा: २००३ साली एका ज्यू डॉक्टरने कापडांची ‘कंपने’ मोजली, लिनन आणि लोकर यांची प्रत्येकी ५००० हर्ट्झ निघाली, माणसाच्या शरीराची १०० आणि पॉलिएस्टरची जेमतेम १५, मात्र लिनन आणि लोकर एकत्र आले की दोन्ही शून्यावर येतात आणि अंगातली शक्ती ओढून घेतात, म्हणूनच बायबलने मिश्र कापडावर बंदी घातली आणि ज्यू पुरोहित केवळ शुद्ध लिनन वापरीत. शेवटी, आपल्या सोवळ्यामागेही हेच विज्ञान होते, अशी पुस्ती.

आधी कंपनांचे पाहू. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांची संख्या. कपाटात घडी घालून ठेवलेली साडी कशाची आंदोलने करते, हे संदेश सांगत नाही. घटकाभर ते आकडे खरे मानले, तरी समान कंपने एकमेकांना मारतात हा शोध कोणी लावला? तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा एकाच षड्जावर मिळवलेल्या असतात आणि त्या एकत्र छेडल्यावर सूर भरून येतो, तंबोरा मुका होत नाही. लाटा परस्परांना नाहीशा करतात त्या नेमक्या उलट्या पडल्या तरच, आणि हे शाळेच्या पदार्थविज्ञानात येऊन गेलेले असते. तो ‘अभ्यास’ कोणत्या नियतकालिकात छापला गेला, कंपने कशाने मोजली, याचा संदेशात पत्ताच नाही.

आता बंदीकडे वळतो. नियम खरा आहे, एवढे मान्य करावेच लागेल. बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकात (१९:१९) दोन जातींच्या मिश्रणाचे वस्त्र अंगावर घालू नये असे आहे, आणि ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक (२२:११) ते मिश्रण कोणते हे सांगते: लोकर आणि लिनन एकत्र. हिब्रूत याला ‘शातनेझ’ म्हणतात. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात ‘किलायिम’, म्हणजे मिश्रणे, या नावाचे प्रकरणच आहे, आणि त्याच्या नवव्या अध्यायाचे पहिलेच वाक्य असे की मिश्रणाच्या नियमाने लोकर आणि लिनन यांखेरीज दुसरे काहीही निषिद्ध नाही. म्हणजे सुती-पॉलिएस्टर सदऱ्याचा किंवा रेशीम-सुताच्या साडीचा या नियमाशी काडीचा संबंध नाही.

याच अध्यायात पुढे म्हटले आहे की असे वस्त्र दहा कपड्यांच्या वरूनही घालू नये. बंदी कापड त्वचेला लागण्यावर असती, तर दहा थरांवरचे वस्त्र कोणाचे काय बिघडवणार होते? उलट कापडाच्या व्यापाऱ्याला विक्रीसाठी तेच वस्त्र अंगावर वागवण्याची मुभा आहे, फक्त ऊन-पावसापासून आडोसा म्हणून वापरण्याचा त्याचा हेतू नसावा. हेतूने बदलणारी कंपने कोणत्या यंत्रावर मोजली, तेही त्या डॉक्टरला विचारायला हवे. शिवाय बंदी आहे ती एकत्र विणलेल्या किंवा शिवलेल्या कापडावर. सुट्या लिननच्या कपड्यावर सुटा लोकरीचा कपडा घालणे ज्यू धर्मशास्त्रालाही चालते, त्यामुळे आईच्या शालीवर ज्यूंना हे नियम देणाऱ्या मोशेनेही हरकत घेतली नसती.

संदेशाचा सर्वांत मोठा घोटाळा पुरोहितांबाबत आहे. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात (२८:६) महायाजकाच्या, म्हणजे मुख्य पुरोहिताच्या, एफोद या विधिवस्त्राची कृती दिली आहे: सोने, निळे, जांभळे व किरमिजी सूत आणि कातलेले तलम लिनन. रंगीत सूत म्हणजे रंगवलेली लोकर, हाच ज्यू परंपरेचा अर्थ आहे. म्हणजे जे मिश्रण सामान्य माणसाला वर्ज्य, तेच मंदिरातील सर्वांत पवित्र पुरुषाच्या अंगावर विधिपूर्वक चढवले जाई. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस स्वतः पुरोहित घराण्यातला होता, आणि लोकर-लिननचे वस्त्र इतरांनी घालू नये, कारण ते पुरोहितांसाठीच राखलेले आहे, असे तो स्पष्ट लिहितो. बंदीचे कारण आरोग्य असते, तर वर्षानुवर्षे देवापुढे उभा राहणारा महायाजकच आधी आजारी पडायला हवा होता! मायमोनिडीझ या ज्यू धर्मपंडिताने बाराव्या शतकात वेगळेच कारण मांडले, की मूर्तिपूजक पुरोहित वनस्पती आणि प्राणी या दोहोंपासून मिळालेली द्रव्ये वस्त्रात एकत्र करीत, म्हणून ती प्रथा टाळावी. हे नियम ज्यात आहेत तो ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, तोरा, स्वतः कारण देत नाही.

शुद्ध लिननचा प्रसंग मात्र आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी मंदिराच्या गाभाऱ्यात, परमपवित्रस्थानात, जाताना महायाजक फक्त लिनन नेसे, आणि बायबलच्या ‘यहेज्केल’ या पुस्तकात (४४:१८) याजकांनी घाम आणणारे काही नेसू नये असेही आहे. लोकरीने घाम येतो हे कळायला हर्ट्झ मोजावे लागत नाहीत.

राहिले सोवळे. त्याचा विचार विटाळाचा आहे, धाग्यांच्या मिश्रणाचा नव्हे, आणि त्यात रेशमी कदाइतकीच लोकरीची धाबळीही चालते. अशी धाबळी नेसून स्वयंपाक करणाऱ्या माझ्या आजीने लिनन जन्मात पाहिले नव्हते.