आठ फुटांची शीट आणि १४०० ची रेल
आज परत तेच! भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून आणलेली प्लायची शीट आठ फुटी, म्हणजे साधारण २४४० मिमी. आणि ट्रॅक सॉबरोबर, म्हणजे रेलवरून सरकत सरळ कापणाऱ्या गोल पात्याच्या करवतीबरोबर, मिळालेली रेल १४०० मिमीची. मग दोन रेल जोडा, खाचेत सळ्या सरकवा, स्क्रू आवळा. आवळता आवळताच सांधा केसभर हलतो, आणि तो केस कपाटाच्या दोन दारांमध्ये फट होऊन दिसतो. दर वेळी सरळपट्टी लावून सांधा मीच का तपासायचा? मशिनं बनवणाऱ्यांनो, जोड आपोआप सरळ बसेल अशी खाच करा ना!

पातं किती खोल कापेल त्या आकड्यांचंही तसंच. काही मशिनांवर आकडा रेलसकट, काहींवर रेल सोडून. १८ मिमीची प्लाय, त्यात रेलची जाडी, शिवाय पातं दोनेक मिमी खाली उतरायला हवं. घाईत बेरीज चुकली की खालचा थर तसाच राहतो. दोन काटे द्या, एक रेलसकट, एक रेलविना. काही मशिनांवर आहेत की!

भुशाच्या तोंडाला व्हॅक्यूमचा पाइप बसत नाही, रोज चिकटपट्टी गुंडाळायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भुसा उडाला की वरच्या काकू ओरडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.