एकराचा कापूस, अर्धी टाईल

दिवाळीनंतर पंधरा दिवस पोराच्या रूमवर घणसोलीला राहून आलो. काम एकच होतं, त्याच्यासाठी घर बघणं. अमळनेरहून निघताना खिशात वही होती, येताना ती भरलेली होती आणि डोकं रिकामं.

ऐरोलीत पहिला फ्लॅट पाहिला तिथे भाव होता कार्पेटला, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेला, वीस हजार रुपये चौरस फूट. मास्तरकी अंगात मुरलेली, म्हणून उभ्या उभ्याच गणित मांडलं. आमच्याकडे जिरायतीत एकरी पाच क्विंटल कापूस आला तर माणूस खूश असतो. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एकराचे झाले साडेचाळीस हजार. बियाणं, खत, फवारणी, वेचणी काहीच वजा न करता. एवढ्यात ऐरोलीत दोन चौरस फूट येतात. त्या हॉलमध्ये दोन बाय दोनच्या टाईल्स होत्या. वर्षभराचा एकराचा कापूस आणि हातात अर्धी टाईल! चपला बाहेर काढून आलो होतो ते बरं झालं, असं वाटलं.

सॅम्पल फ्लॅटला आतली दारं नसतात, हे कळायला मला तिसरा फ्लॅट लागला. दार उघडायला जागा लागते, म्हणून दारच लावत नाहीत. पलंग दिसायला झकास. मी सरळ त्यावर आडवा झालो, तर पाय बाहेर. सेल्सचा पोरगा हसत म्हणाला, "काका, तो शोपीस आहे." म्हटलं, "मग झोपायचं कुठे रे बाबा?" पोरगा (आमचा) लाजेने बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बाल्कनी म्हणजे काय, त्याच्या एकट्यापुरतीच होती.

आमच्या सौ.चा प्रश्न वेगळाच. गच्ची कोणाची? बिबडे-पापड कुठे वाळत घालायचे? गच्ची सोसायटीची आणि सोसायटीची गच्ची कुलपात. मग दुसरा प्रश्न, कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, भाऊबंद आले तर प्रसादाचे रोट खायला बसवायचे कुठे? यावर सेल्सच्या पोराने क्लब हाऊस दाखवलं. बुकिंगचे पैसे वेगळे. कानबाई क्लब हाऊसमध्ये बसवायची, या कल्पनेने ती घरी येईपर्यंत बोलली नाही.

मग बजेट खाली आणलं आणि आपली सगळी खान्देशी माणसं जिथे उतरतात तिथे गेलो. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. रिक्षा स्टँडवर अहिराणी ऐकू आली की जीव जरा थाऱ्यावर येतो. डोंबिवलीत स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर एक वन बीएचके बरा वाटला. भाव ५२ लाख, बांधकाम चालू.

आता हे ५२ लाख कधीच ५२ नसतात. जीएसटी ५ टक्के, म्हणजे २ लाख ६० हजार. स्टॅम्प ड्युटी तिकडे ७ टक्के, ३ लाख ६४ हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. वरचे वरचेच साडेसहा लाख. बँक ४० लाख देते म्हणाली, म्हणजे आपल्याला साडेअठरा लाख उभे करायचे. शेताला गिऱ्हाईक लागलं होतं, एकरी बारा लाखाने. म्हणजे दीड एकर गेलं. बाकीच्या ४० लाखांना साडेआठ टक्क्याने वीस वर्षं हप्ता येतो ३४,७०० च्या आसपास. पोराच्या हातात महिन्याला ५४ हजार पडतात. उरलेल्या १९ हजारांत त्याने खायचं, लोकलचा पास काढायचा, लग्न करायचं आणि आजारी पडायचं नाही. वीस वर्षांत बँकेला एकूण ८३ लाख जातात, हे मी घरात कोणाला सांगितलंच नाही.

धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "नाना, इतला पैसामा आठे बंगला उभा ऱ्हाई."
म्हटलं, "ऱ्हाई ना भो, पन त्यामा बसनार कोन? पोऱ्यानी नोकरी तठे शे."

या सगळ्या धावपळीत मला एका शब्दाचा राग आला. "परवडणारं घर." जीएसटीच्या हिशेबात मुंबई महानगरात परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांच्या आतलं आणि ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं. तिथे कर १ टक्का, एक रुपया वर गेला की ५ टक्के. ही ४५ लाखांची रेघ २०१९ ला ओढली, ती तिथेच आहे. बिल्डिंगी मात्र रेघ ओलांडून केव्हाच पुढे गेल्या. पण माझं खरं भांडण आकड्याशी नाही. परवडणं हे घराच्या किमतीवरून ठरवतात, घेणाऱ्याचा पगार कोणी विचारत नाही. घर नोकरीपासून किती लांब आहे, ठाण्याला गाडी बदलताना दारात लटकावं लागतं का, हेही नाही. आमच्याकडे बैल घेताना बाजारात माणूस आधी स्वतःचा चारा मोजतो, मग बैलाचे दात.

लोक म्हणतात सोडतीने सरकारी घरं देणारी म्हाडा आहे ना. आहे. आमचा पोरगा दोनदा अर्ज भरून बसलाय. त्याचं वर्षाचं उत्पन्न सात लाखांच्या पुढे, म्हणजे तिकडे तो अल्प उत्पन्न गटात. आमच्या गल्लीत हे सांगितलं तर लोक मला हसतात. २०२४ च्या मुंबईच्या सोडतीत घरं होती २,०३० आणि अर्ज एक लाखाच्या वर. याला योजना म्हणायचं की जत्रेतलं चक्र? सिडकोने त्याच वर्षी नवी मुंबईत २६ हजार घरं काढली. तिथे नोंदणी आधी आणि भाव नंतर. भाव आले तसा पोराने लॅपटॉप मिटला. दुसरीकडे विरार-बोळींजला म्हाडाचीच हजारो घरं पाण्याच्या रडगाण्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिली, शेवटी या आणि घ्या म्हणायची वेळ आली. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर घरं रिकामी सापडली होती. रिकामी! घर नाही म्हणून रडणाऱ्या शहरात.

(एक माहिती, कोणाच्या उपयोगी पडेल. गावाकडे आपलं घर असलं तरी मुंबईच्या म्हाडा सोडतीत अर्ज करता येतो, त्यांची अट त्या भागात घर नसण्याची आहे. पंतप्रधान आवास योजनेत मात्र देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. दोन्हींत गल्लत करून आमच्या ओळखीतल्या एकाने फॉर्मच भरला नाही.)

आणि स्वस्त दिसलं म्हणून उडी मारणाऱ्यांसाठी, डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण एकदा वाचा. खोट्या परवानग्यांच्या कागदांवर रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर मिळवला होता, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. लोकांनी नंबर बघूनच पैसे भरले होते. रेराचा नंबर बघा, पण बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन स्वतः तपासा. एक दिवस मोडेल, मोडू द्या.

आता पोरगा सध्या राहतो कुठे? घणसोली गावठाणात, एका आगरी मावशींच्या तीन मजली घरात वरची खोली. भाडं अकरा हजार, पाणी दोन वेळा, ऑफिस वीस मिनिटांवर. मावशी गणपतीला त्याला जेवायला बोलावतात. आपलं वांग्याचं भरीत त्यांना इतकं आवडलं की हिच्याकडून हिरवी वांगी मागवून घेतली. अशा घरांवर बँक कर्ज देत नाही, कागद पुरे नसतात. पण सरकारच्या कुठल्याही योजनेपेक्षा जास्त गरजू माणसं या गावठाणांनी सांभाळलीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या शेतजमिनी शहरासाठी गेल्या, तेच आज आपल्या पोरांना आसरा देतायत.

म्हणून माझं मत, पटो न पटो. तिकडे मुंबईच्या भागात विकत घेण्याच्या घरांपेक्षा भाड्याची घरं बांधा. सरकारी, कामाच्या जागेजवळ, पाच-सात वर्षांच्या कराराची. अकरा महिने झाले की दलालाला महिन्याचं भाडं मोजून सामान उचला, असली नाहीत. हे काही नवीन नाही. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने भाड्यानेच बांधल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. खोली लहान होती, मान्य. पण त्यासाठी कोणाला शेत विकावं लागलं नाही. आणि लांब कशाला, आपलं भुसावळ बघा. रेल्वेच्या क्वार्टरांत पिढ्या वाढल्या. माझे मेहुणे तिथे तीस वर्षं राहिले, रिटायर झाले आणि मग गावाकडे निवांत घर बांधलं. घर आणि नोकरी यांच्यात पायी चालण्याचं अंतर. आज आयटीतल्या पोराला ते सुख नाही.

पण यात एक अडचण आपण स्वतः आहोत, ते सांगितल्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न कोणता? मुंबई-पुण्यात फ्लॅट आहे का? आणि दुसरा, गावाकडे शेती किती? दोन्ही पाहिजे. शेती विकल्याशिवाय फ्लॅट येत नाही, हे मुलीच्या बापाला कळत नाही का? कळतं. मला कळत होतं. माझ्या मुलीच्या वेळी हाच प्रश्न मी विचारला होता, याच ओट्यावर बसून. समोरचा माणूस जरा गप्प झाला होता. त्याने किती एकर विकलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

तर सध्या शेत विकलेलं नाही. गिऱ्हाईक नाराज आहे. पोराने स्वतःच सांगितलं, "नाना, मी भाड्याने राहतो, वाचतील ते बाजूला टाकतो. पाच वर्षांनी नोकरी कुठे असेल कोणास ठाऊक." एका मुलीकडच्यांनी यावरून नकार कळवला. हिला दोन दिवस वाईट वाटलं, मला एक.

डोंबिवलीच्या सेल्सवाल्याचा अजून दर सोमवारी फोन येतो, "सर, फक्त दोनच फ्लॅट उरलेत." दिवाळीपासून तेच दोन उरलेत. परवा त्याला म्हटलं, कापूस घेता का, घरात पडून आहे, व्यापारी हमीभावाच्या खाली मागतोय. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, माझे पप्पा पण चोपड्याला कापूसच लावतात." मग आम्ही दोघं बराच वेळ बोंडअळीवर बोललो.