एक घास आबांचा

निवृत्त माणसाला घरात काहीतरी काम हवं, असं घरातल्या सगळ्यांचं एकमताने ठरलं आणि चिमीला भरवायचं खातं माझ्याकडे आलं. मी उभी नोकरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात केलेली. ‘बाबा, तुम्हाला बरोबर जमेल,’ असं सूनबाई म्हणाली, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते अजून कळलेलं नाही. थकबाकीदार निदान दार उघडून ‘पुढच्या महिन्यात नक्की’ एवढं तरी म्हणतो. चिमी, वय वर्षं पावणेदोन, दारच उघडत नाही. ओठ असे घट्ट मिटते की वरणाचा वाससुद्धा आत शिरू नये.

पहिलं वर्ष ही अशी नव्हती हो. सहा महिने फक्त आईचं दूध, वर पाण्याचा थेंबही नको, असा डॉक्टरांचा हुकूम होता. आमच्या हिने बाळगुटी उगाळायला म्हणून माळ्यावरची सहाण काढून घासूनपुसून ठेवली, ती तशीच लख्ख राहिली. मधाचं बोट चाटवायलाही बंदी. मधात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते बाधतात, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ‘तुमच्या मुलाला चाटवलं होतं, त्याला काय झालं?’ असं ही म्हणाली. मी मुलाकडे बघितलं आणि गप्प बसलो.

मग उष्टावण झालं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चमच्याच्या टोकाने जिभेला लावली आणि या बाईंनी मामाच्या हातातली वाटीच ओढली. नाचणीचं सत्त्व, खिमट, मुगाचं घट्ट वरण, मऊ भात, कुस्करलेलं रताळं, समोर येईल ते फस्त. शेजारीपाजारी कौतुकाने बघायला यायचे आणि ते गेले की ही मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची. बहुधा त्यातली एखादी दृष्ट अर्धवट निघाली असावी. पहिला वाढदिवस झाला, केक कापला आणि संप सुरू झाला.

लांबून बघणाऱ्याला वाटतं, घास तोंडात गेला की संपलं. ज्यांनी भरवलेलं नाही त्यांनीच असं बोलावं. घास आत जाणं ही निव्वळ प्राथमिक चौकशी आहे. चिमी मऊ भाताचा घास आधी जिभेवर घेते, छताच्या पंख्याकडे बघत विचार करते आणि मग हळूच डाव्या गालात सरकवते. तिथे तो मुक्कामाला. गाल सुपारीएवढा फुगतो. ‘गिळ बाळा’ म्हटलं की ती मान डोलावते आणि ‘गिलला’ असं तोंड न उघडता सांगते. मी बोटाने गाल दाबून बघतो, माल जागेवर असतो. दुसरा घास आला की तो उजवीकडे. दोन्ही बाजू भरल्या की ओठांच्या मधोमध एक बारीकशी फट पडते, तिथून पांढरी धार निघते, हनुवटीवरून लाळेऱ्यावर आणि तिथून माझ्या धोतरावर. क्वचित ‘फुर्र’ होतं. तेव्हा मेतकुटाचे कण चष्म्याच्या काचेवर बसतात आणि जग काही काळ पिवळं दिसतं.

तोंड उघडायचा एक हमखास उपाय आहे. आम्ही डोंबिवलीला, खिडकीतून रेल्वेलाइन दिसते. लोकल आली की चिमीचा ‘आ’ वासतो आणि त्या ‘आ’त चमचा घुसवता येतो. अर्थात यात फास्ट लोकलचा उपयोग नाही, चमचा उचलेपर्यंत ती कल्याणकडे गेलेली असते. स्लो लोकल उत्तम, कारण तीत दोन घास बसतात. लांब पल्ल्याची गाडी रखडून उभी राहिली तर अर्धी वाटी होते. मध्य रेल्वेची गाडी लेट झाली म्हणून आनंद मानणारा गावातला मी एकटाच असेन. मात्र रविवारी मेगाब्लॉक असला की पोरगी उपाशी. मोबाईलवर गाणी लावली की यंत्रासारखी खाते, पण ते सूनबाईला चालत नाही आणि यात ती बरोबर आहे, कारण मोबाईल बघताना चिमीला आपण काय खातोय हे कळत नाही आणि मलाही किती भरवलं ते आठवत नाही.

सल्ल्यांना तोटा नाही. ‘दात येताहेत’, ‘जंत झालेत’, ‘नजर लागली’, ‘थोडं चटकदार द्या’. आमच्या हिचा उपाय साधा असतो. जेवली नाही ना, मग निदान दूध तरी पिऊ दे. पेला भरून दूध पोटात गेल्यावर पुढच्या जेवणाला भूक कुठून येणार? मग जेवत नाही म्हणून पुन्हा दूध. वर हातात बिस्कीट, ‘तेवढाच आधार’ म्हणून.

शेवटी वरात डॉक्टरांकडे गेली. सूनबाई, ही, मी आणि गालात पोळीचा तुकडा घेतलेली चिमी. त्यांनी वजन केलं, आलेखावर ठिपका काढला आणि म्हणाले, ‘उत्तम आहे.’ आमचा चांगलाच हिरमोड झाला. ‘आजोबा, तुम्ही बँकेतले ना? मग हिशेब करा. जन्मली तेव्हा ३ किलो, वर्षाची झाली तेव्हा ९. तिप्पट. याच दराने वाढली तर दुसऱ्या वाढदिवसाला २७ आणि तिसऱ्याला ८१. उचलाल?’ दुसऱ्या वर्षात मूल जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणून भूकही उतरते, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांत चक्रवाढीचा धोका मला कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितला नव्हता. दूध दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आत, बिस्किटं बंद आणि नवा पदार्थ नाकारला तरी दहा-पंधरा वेळा पुन्हा समोर ठेवायचा, असंही सांगितलं. आमच्याकडे तिसऱ्या खेपेलाच ‘तिला दुधी आवडत नाही’ असा ठराव मंजूर होऊन दुधी हद्दपार होतो.

तो आलेख मी घरी भिंतीवर लावलाय. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सहा देशांतली निरोगी मुलं मोजून तो केला, त्यांत दिल्लीचीही मुलं होती. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असल्यामुळे माझा ठिपका त्यात मावत नाही, पण हवा होता. चिमीच्या वाटीत उरतं ते तूप-भात-मेतकूट टाकवत नाही म्हणून मीच खातो. बाळसं मला आलंय.

मुलाने आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. शिकागोत क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी नुकतंच दूध सुटलेल्या १५ बाळांना स्वतःचं जेवण स्वतःच निवडू दिलं. पहिला अहवाल १९२८ चा. यादीत ३४ पदार्थ, प्रत्येक जेवणाला त्यातले काही थाळीत मांडायचे. नर्सने फक्त चमचा धरून बसायचं. बाळाने बोट दाखवल्याशिवाय घास पुढे करायचा नाही, ‘आ कर’ म्हणायचं नाही, शाबासकीही नाही. एकाने नाश्त्याला संत्र्याचा रस आणि काळीज खाल्लं, दुसऱ्या कुणी रात्री नुसती अंडी, केळी आणि दूध. सगळी ठणठणीत वाढली. हे ऐकून मी सुनेकडे विजयी मुद्रेने बघितलं, पण खरी मेख पुढे होती. बाईंनीच सांगून ठेवलंय की युक्ती यादीत होती. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, डब्यातलं-पाकिटातलं काही नव्हतं. मूल काहीही निवडो, चांगलंच निवडणार. माझ्या मते दुसरीही युक्ती होती. त्या खोलीत आजी नव्हती.

तेव्हापासून घरात नवा कायदा आहे. सगळ्यांबरोबर पाटावर बसायचं, ताट अर्धा तास, मग उचलायचं, आग्रह नाही. चिमीने पहिल्या दिवशी वरणात हात बुडवून पाटावर रांगोळी काढली आणि उठली. ही डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘अहो, पोटात काही नाही हो तिच्या.’ मी कठोर राहिलो. दुपारभर चिमी समोरच्या घरी खेळायला होती. संध्याकाळी आणायला गेलो तर ही बया स्वयंपाकघरात फतकल मारून भाकरी आणि दुधीची भाजी खातेय, दोन्ही हातांनी, गालात काही न साठवता. समोरच्या वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, ‘काका, रागावू नका, पण हिला घरी पोटभर देता ना?’

त्यांचा नातू त्या वेळी आमच्याकडे होता. तो घरी भाताला तोंड लावत नाही, असं त्या सांगत होत्या आणि इकडे आमच्या हिच्या पुढ्यात बसून त्याने चिमीचा मऊ भात चाटूनपुसून संपवला होता.

आता रोज साडेबाराला आम्ही जिन्यात पोरांची अदलाबदल करतो. सूनबाईचा एकला ऑफिसमधून फोन येतो, ‘बाबा, किती जेवली?’

मी सांगतो, समोरच्या शाखेचा हिशेब अजून यायचाय.