‘ब्लॅक होल म्हणजे नुसतं गणित’ वाल्या मेसेजचं काय करायचं

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय, थोडक्यात मजकूर असा: ब्लॅक होल हे नुसतं कागदावरचं गणित आहे, खुद्द आईनस्टाईनने 1939 मध्ये ते नाकारलं, हॉकिंगनेही 2014 मध्ये ‘ब्लॅक होल नसतात’ अशी कबुली दिली, समीकरणात उत्तर अनंत येतं म्हणजे थिअरीच गंडलीय, आणि ब्लॅक होलचा तो नारिंगी फोटो कॉम्प्युटरवर बनवलेला. यातलं एकही वाक्य निव्वळ थाप नाहीये, प्रत्येकात थोडं खरं आहे आणि बाकीचं सोयीने गाळलंय, म्हणून तर पटतं लोकांना.

आधी आईनस्टाईन. 1939 चा पेपर खरा आहे. त्याने काय केलं, की पुष्कळ कण एका केंद्राभोवती गोल कक्षांमध्ये फिरतायत असा गुच्छ धरला आणि तो लहान लहान करत नेला. श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (वस्तुमान जेवढ्या त्रिज्येच्या आत मावलं की ब्लॅक होल होतं ती, सूर्याएवढ्या वस्तुमानाला साधारण 3 किमी) दीडपटीपर्यंत आलं की सगळ्यात बाहेरच्या कणांना कक्षेत टिकायला थेट प्रकाशाचाच वेग लागतो, म्हणून यापेक्षा लहान होणं शक्य नाही असं तो म्हणाला. गणित बरोबरच आहे! पण कण कायम फिरतच राहणार हे त्यात आधीच धरून टाकलंय, आणि फिरता आलं नाही तर ते आत कोसळतील ना, त्याचा हिशोबच नाही. तो हिशोब त्याच वर्षी ओपनहायमर आणि स्नायडर या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडला: दाब नसलेला धुळीचा गोळा कोसळताना लांबून बघणाऱ्याला तो त्या त्रिज्येपाशी थिजल्यासारखा वाटतो, पण गोळ्याबरोबर पडणाऱ्याच्या घड्याळात ठरावीक वेळात सगळं आत गेलेलं असतं. (धुळीच्या अशा गोळ्याची समीकरणं आपल्या बी. दत्त यांनी 1938 मध्येच सोडवली होती, हे नाव फारसं कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं.)

हॉकिंगचं लवकर उरकतो. 2014 च्या लेखात त्याचं म्हणणं असं होतं की प्रकाश कधीच बाहेर येऊ शकणार नाही अशी कायमची सीमा, म्हणजे इव्हेंट होरायझन, नसावी, त्याऐवजी बराच काळ टिकणारी, पण कायमची नसलेली सीमा, म्हणजे ‘अपॅरंट होरायझन’, असावी. हे पुढचं अर्धं मेसेजमध्ये नाही.

आता ‘अनंत’. गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोजने 1965 मध्ये जे सिद्ध केलं त्यात घनता अनंत होते असं कुठेच म्हटलेलं नाही, गुरुत्वाकर्षण एका मर्यादेपलीकडे गेलं की काही प्रकाशकिरणांचे मार्ग पुढे नेताच येत नाहीत, अर्धवट तुटतात, एवढंच म्हटलंय. आणि त्याच्या सिद्धतेत अमल कुमार रायचौधुरींचं 1955 चं समीकरण मोलाचं आहे. हे मार्ग जिथे तुटतात तिथे आईनस्टाईनची सापेक्षतेची थिअरी हात टेकते हे भौतिकशास्त्रज्ञ स्वतःच सांगतात, लपवलंय कुणी? पण ते खोल आतलं झालं. होरायझनपाशी परिस्थिती इतकी भयंकर असलीच पाहिजे असं नाही. एम 87 या दीर्घिकेमधलं ब्लॅक होल सूर्याच्या 6.5 अब्ज पट जड, त्याचं वस्तुमान त्याच्या होरायझनच्या त्रिज्येएवढ्या साध्या गोलाच्या घनफळाने भागून बघा, उत्तर आपल्या हवेच्या घनतेपेक्षा कमी येतं. आतल्या तुटलेल्या टोकावरून बाहेरची सीमाच खोटी ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

फोटो कॉम्प्युटरने जुळवला, हो. रेडिओ दुर्बिणींच्या डेटाची प्रतिमा दुसरं कोण जुळवणार? म्हणूनच चार गट वेगवेगळे बसवले, एकमेकांचं काम न बघता, आणि चौघांकडेही मध्ये काळोख असलेलं कडंच आलं.

पण खरं सांगायचं तर मला फोटोपेक्षा दुसरा पुरावा जास्त भारी वाटतो. 1970 मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरांनी गणिताने दाखवलं की ब्लॅक होलला धक्का बसला तर ते ठरावीक स्वरात थरथरतं आणि झटकन शांत होतं, तो स्वर ब्लॅक होलचं वस्तुमान आणि फिरणं यावरून ठरतो. तेव्हा हे मोजायचं यंत्रच नव्हतं. 14 सप्टेंबर 2015 ला लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रणेने दोन ब्लॅक होल एकमेकांत विलीन होतानाच्या लहरी पकडल्या आणि सिग्नलचं शेपूट त्या हिशोबाशी जुळलं. 14 जानेवारी 2025 चा, अशाच आणखी एका विलीनीकरणाचा सिग्नल तर इतका स्वच्छ होता की हॉकिंगचा 1971 चा क्षेत्रफळाचा नियमही (होरायझनचं एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही) तपासता आला: आधी दोघांचं मिळून साधारण 2,40,000 चौरस किमी, नंतर एकाचं 4,00,000, म्हणजे वाढलंच. नुसतं गणित म्हणता ना, मग हे आकडे जुळले कसे?

शंका घ्यायला जागा आहे, नाही असं नाही. होरायझनच्या जागी दुसरं काहीतरी, ग्रॅव्हास्टार (ब्लॅक होलसारखीच दाट पण होरायझन नसलेली कल्पित वस्तू) वगैरे, असू शकेल का यावर काम चालू आहे, आणि तसं असेल तर त्या थरथरीनंतर प्रतिध्वनी यायला हवेत, ते शोधून झाले, अजून ठोस असे सापडलेले नाहीत.